पुरतं नाव

फान दर मेर्वे नव्या माणसाशी हात मिळवताना पहिला विनोद स्वतःच्याच आडनावावर करायचा. मला त्याची शिसारी यायची, आणि मी ती कधी लपवली नाही.

हॉलंडमधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनला मुलाकडे राहायला आल्यापासून मी दर बुधवारी वस्तीच्या हॉलमध्ये लोकांच्या सायकली दुरुस्त करतो. फुकट. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण पिंपरीच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होतो. पाना कसा धरायचा ते मला कुणी सांगू नये. शेजारच्या टेबलावर हा बसायचा. दक्षिण आफ्रिकेतला गोरा, सत्तरीचा, हात सुताराचे. मला ‘ओम’ म्हणायचा. त्यांच्याकडे वडीलधाऱ्याला तसं म्हणतात, आपल्या काकासारखं. त्याचं इंग्रजी जाडं, माझं मोडकं, पण निभायचं.

“फान दर मेर्वेनं सायकलला दोन घंट्या बसवल्या. एक जाताना वाजवायला, एक येताना!” म्हटलं की पहिला हशा त्याचाच. त्यांच्या देशात हे आडनाव गल्लोगल्ली, आणि मूर्खाच्या प्रत्येक विनोदात हेच. इथं हॉलमध्ये कुणाला याचा पत्ताही नव्हता. ती घाण त्यानंच इथवर वाहून आणली.

“कशाला सांगतोस रे?” मी विचारलं.

“ओम, मी नाही सांगितला तर दुसरा सांगेल. त्यापेक्षा मीच बरा.”

आमच्या कारखान्यात गुरमीत नावाचा सरदार वेल्डर होता. दुपारचे बारा वाजले की आम्ही सगळे त्याच्याकडे बघून हसायचो. तोही हसायचा. त्या हसणाऱ्यांत मी होतो, हे इथं लिहून ठेवतो.

हॉलचा नियम असा, की सायकल दुरुस्त झाली की हँडलला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची, त्यावर दुरुस्त करणाऱ्याचं नाव. एकदा त्याचे विनोद ऐकलेली एक बाई त्याची चिठ्ठी वाचून खिदळली. “फान दर मेर्वे? मग ब्रेक आहेत ना नक्की?” हॉल सांभाळणारा यान हसला आणि ती सायकल माझ्याकडे ढकलून म्हणाला, “तू एकदा बघ.” फान दर मेर्वेच्या देखत. हा खाली वाकून स्क्रू शोधायला लागला. स्क्रू कुठलाही पडला नव्हता.

मी ब्रेक तपासला. ती सायकल यानकडेच परत ढकलायला हवी होती, पण तपासला. इतका चोख ब्रेक मलाही बसवता आला नसता. त्या दिवशी मला सगळ्यांचीच किळस आली, माझीसुद्धा.

पुढच्या बुधवारी त्याच्या चिठ्ठीवर नुसतं पहिलं नाव, ‘हेनी’.

“बाप कुठं गेला?” मी म्हटलं.

“हेनीवर कुणी हसत नाही, ओम.”

माझं डोकं फिरलं. शाळेनं मला धड एकच गोष्ट दिली, स्वतःचं नाव बापासकट, आडनावासकट लिहिणं. मी चिठ्ठी ओढून घेतली आणि ‘हेनी’च्या पुढे बॉलपेनानं मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलं, फान दर मेर्वे.

“हे काय?”

“तुझं नाव. पुरतं. आता हसा म्हणावं.”

त्यानं अक्षरांवरून अंगठा फिरवला. “वर ही रेघ कशाला?”

“सगळी अक्षरं तिला धरून असतात.”

त्या दिवशी त्यानं विनोद सांगितला नाही. पुढे प्रत्येक चिठ्ठी मुकाट्यानं माझ्यापुढे सरकवायचा. यान कुरकुरला, “हे कोण वाचणार?” मी म्हटलं, “ब्रेक वाचता येतो ना? तो वाच.”

या हिवाळ्यात तो गेला. अंत्यविधीनंतर इथल्या रिवाजाप्रमाणे कॉफी आणि केकचा एकेक तुकडा. यान कप हातात घेऊन उभा राहिला आणि दोन घंट्यांचा विनोद सांगायला लागला. सगळे हसले आणि माझ्याकडे बघायला लागले, त्याचा मित्र म्हणून. मी केक तसाच ठेवला आणि बाहेर आलो.

सुनेच्या सायकलला त्यानं बसवलेला ब्रेक आहे. हँडलची चिठ्ठी पावसानं फिकी झाली, की मी अक्षरं पुन्हा गिरवतो. परवा ट्रामच्या थांब्यावर एकानं विचारलं, काय लिहिलंय?

“हा ब्रेक ज्यानं बसवला त्याचं नाव,” मी म्हटलं, आणि ते पुरतं वाचून दाखवलं. तो हसला नाही.