बिरादार सरांचा खंड्या

बिरादार सर गेल्याचं मला व्हॉट्सॲपवर कळलं. गावच्या शाळेतल्या सोबत्यांचा एक ग्रुप आहे, एरवी त्यावर सकाळचे सुविचार आणि संध्याकाळचे विनोद येतात. त्या दुपारी सरांचा जुना फोटो आला, फेटा बांधलेला, आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मी कॉलेजात पेपर तपासत बसले होते. त्या रांगेत मीही दोन हात जोडून दिले आणि पुढचा पेपर ओढला. थोड्या वेळानं लक्षात आलं की चांगल्या बरोबर उत्तरावर मी काट मारून ठेवलीय. नांदेडहून जळकोट तालुक्यातलं आमचं गाव काही परमुलूख नाही, सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला पोचता येतं. तरी मी गेले नाही. परीक्षेची ड्यूटी आहे, असं घरात सांगितलं आणि स्वतःलाही तेच सांगितलं. खरं म्हणजे मला सरांसमोर जायची लाज वाटत होती. ते जिवंत असताना वाटत होती आणि गेल्यावरही वाटली. चौदा वर्षांपूर्वी भरल्या मांडवात मी त्यांची चेष्टा केली होती, आणि तिच्याबद्दल माफी मागायचं राहून गेलं होतं.

सर आम्हाला चौथीला होते. माणिक बिरादार, वय तेव्हा तीस-बत्तीस, अंगानं किडकिडीत, पायजमा-शर्ट आणि खिशाला दोन पेनं. गणितात ते कडक होते, कान धरायचे. पण शनिवारी सकाळची शाळा असे आणि शेवटच्या तासाला सर पिशवीतून एक पुस्तक काढत. उदगीरच्या बाजारात रद्दीवाल्याकडून घेतलेलं इंग्रजी पुस्तक होतं ते. मुखपृष्ठ फाटून गेलेलं, म्हणून नाव आम्हाला कधी कळलंच नाही. गोष्ट एका कुत्र्याची होती. बारा महिने बर्फ असलेल्या कुठल्याशा मुलखात टपालाची गाडी ओढणाऱ्या कुत्र्याची. सर डोळे इंग्रजीवर ठेवत आणि तोंडानं आमच्या बोलीत सांगत. कुत्र्याचं तिकडलं नाव त्यांनी पहिल्याच शनिवारी रद्द केलं. म्हणाले, ‘‘आपल्याला ते बोलता येणार न्हाई. आपण त्याला खंड्या म्हणू.’’ झालं, तेव्हापासून तो खंड्या.

वर पत्रे, खाली तरट, बाहेर मार्चचं ऊन. अशात बर्फ समजणार कसा? आम्हाला बर्फ म्हणजे गारीगारवाल्याच्या पेटीतला तेवढाच ठाऊक. एका शनिवारी सर उदगीरहून पहिल्या गाडीनं बर्फाची लादी घेऊन आले. लाकडाच्या भुशात घालून, वर पोतं गुंडाळून. गाडीत ती पाझरत आली, कंडक्टरनं म्हणे वाटेत दोनदा भांडण काढलं, आणि शाळेत पोचेपर्यंत लादीची नारळाएवढी ढेप झाली होती. सरांनी ती टेबलावर ठेवली आणि एकेकाला बोलावलं. ‘‘हात ठिवा यावर. मी वीस म्हणेपर्यंत उचलायचा न्हाई.’’ दहाच्या पुढं कोणी टिकलं नाही. हात चोळत परत येणाऱ्यांकडे बघून सर म्हणाले, ‘‘खंड्या यावर झोपतो. उशाला बी हेच अन् पांघरायला बी हेच.’’ मग त्या बर्फाचे तुकडे करून आम्ही चोखले, त्याला भुशाचा वास येत होता.

बर्फावरची ती घसरगाडी कशी असते, तर बैलगाडीची चाकं काढून ठेवली की जे उरतं तशी. आणि लांडगा? लांडगे आमच्या माळावर होते, धनगरांची मेंढरं उचलायचे. पण सर म्हणत, ‘‘आपला लांडगा म्हंजी उपाशी गडी. तिकडला देवणीच्या वासराएवढा असतोय.’’ गाडीला जुंपलेल्या कुत्र्यांची भांडणं ते अशी रंगवत की भावकीचा बांधावरचा तंटाच वाटावा. पुढं कोणी चालायचं, मासा कुणी आधी खायचा, कुणी कुणाला डूख धरला. मी तेव्हापासून आजवर बरंच इंग्रजी वाचलं, शिकवलं, त्यावर पोट भरलं. पण हिमवादळ म्हटलं की मला अजून सरांचा घसा बसलेला आवाजच ऐकू येतो.

शेवटचा शनिवार मात्र नीट आठवतो. त्या वर्षातलं बाकी फार काही मला आठवत नाही, पण तो दिवस आठवतो. टपालगाडीचा म्हातारा गाडीवान शेवटची खेप करून खंड्यासह घरी पोचतो. रानातून लांडग्यांचा कळप हाका मारतो, खंड्या कान टवकारतो, अंगणाच्या कडेपर्यंत जातो, एकदा मागं वळून म्हाताऱ्याकडे बघतो… आणि जातो. सर थांबले. चष्मा पुसला. मग पान उलटून म्हणाले, ‘‘लई दिस गेले. म्हातारा रोज दारात बसून राहिला. अन् एक दिवस संध्याकाळच्या टायमाला बघतोय तर दारात कोण उभं? खंड्या!’’ आम्ही एवढ्यानं ओरडलो की शेजारच्या वर्गावरच्या बाई धावत आल्या.

पुढं मी एम.ए.ला नांदेडला असताना ग्रंथालयात एक पुस्तक उघडलं आणि पहिल्या दोन पानांतच ओळखलं. हाच तो. आनंदानं मी कपाटापाशी उभ्या उभ्याच शेवटचं पान काढलं. खंड्या अंगणाच्या कडेपर्यंत जातो, एकदा वळून बघतो, आणि जातो. पुढं कोरं पान. मला आधी फसवल्यासारखं वाटलं, मग हसू आलं. सरांनी अख्खा शेवट घरचा लावून दिला होता! हॉस्टेलच्या मैत्रिणींना हा किस्सा मी तिखटमीठ लावून सांगितला. नंतर नवऱ्याला, सहकाऱ्यांना, विद्यार्थ्यांना. हशा हमखास मिळायचा. माणसाला आपला एखादा किस्सा इतका आवडायला लागतो की तो कुणाबद्दल आहे हे त्याच्या ध्यानातच राहत नाही.

सर निवृत्त झाले तेव्हा शाळेच्या मैदानात मांडव घातला होता. शाल, श्रीफळ, फेटा, तालुक्याचे साहेब, गावातली झाडून सगळी माणसं. ‘आपल्या गावची लेक, इंग्रजीची प्राध्यापिका’ म्हणून मला बोलायला उभं केलं. मी काय, तयारच होते. बर्फाची लादी सांगितली, लोक हसले. मग मी सरांकडे वळून म्हणाले, ‘‘पण सर, आज सगळ्यांसमोर एक कबुली द्या. पुस्तकात खंड्या परत येतच नाही! तुमची शेवटची पानं उंदरांनी खाल्ली होती का तुमच्या इंग्रजीनं?’’ मांडव कोसळायचा बाकी राहिला. साहेब तर टेबलावर हात आपटून हसले. सरही हसले. फेटा नीट करत, मान खाली घालून हसले. पहिल्या रांगेत त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. मी ते पाहिलं होतं. मला वाटलं, काकूंना विनोद कळला नसेल.

निवृत्तीनंतरही दर शनिवारी येऊन सर गोष्ट सांगणार, असं मुख्याध्यापकांशी ठरलेलं होतं. ते आले नाहीत. वर्षभरानं मुख्याध्यापक मला लातूरला एका कार्यक्रमात भेटले, त्यांना मी विचारलं. ते म्हणाले, ‘‘दोनदा घरी गेलो बघा मॅडम. सर म्हणले, आता सगळं खरं-खोटं लोकांना कळतंय, माझं काय काम?’’ तिथूनच सरांना फोन लावायला हवा होता. नंबर होता माझ्याकडे. दिवाळीला सुटीत गावी जाऊ तेव्हा बोलू, म्हटलं. गेले, पण त्यांच्या गल्लीत गेले नाही. माणूस मोठा झाला की माफी मागायला मुहूर्त शोधतो, लहानपणी कान धरून उभं राहणं किती सोपं होतं!

शेवटची भेट दोन वर्षांपूर्वीची, उदगीरला एका सोबत्याच्या मुलीच्या लग्नात. सर काठी घेऊन बसले होते. मी वाकून पाया पडले. त्यांनी विचारलं, ‘‘कॉलेजात शेवट खराच शिकवतीस ना?’’

‘‘हो सर.’’

‘‘बरोबर हाय. मोठ्यांना खराच सांगावा.’’

हसून बोलले. आता बोलावंच, असं वाटलं… तेवढ्यात कुणीतरी जेवायला चला म्हणून त्यांना उठवलं. खरं तर मी त्यांच्या मागं पंक्तीत जाऊ शकत होते. नाही गेले.

सर जाऊन महिना उलटल्यावर मी गावी गेले, तेही कॉलेजच्या सुटीचा शनिवार गाठून, पहाटेच्या गाडीनं. काकूंनी ओसरीवर सतरंजी टाकली, पाणी दिलं. सरांची खुर्ची भिंतीशी होती आणि तिच्यावर ते बिनमुखपृष्ठाचं पुस्तक. त्याच्याकडे बघायचं टाळत मी म्हणाले, ‘‘काकू, मांडवात मी सरांना फार लागेल असं बोलले. मला माफी मागायची होती. राहून गेलं.’’

काकू म्हणाल्या, ‘‘तुला खरंच आठवत न्हाई का गं, सुनंदा? त्या सालात तुझी माय घरी नव्हती.’’

आठवत होतंही आणि नव्हतंही. माझी आई आजीशी भांडून देवणीला माहेरी निघून गेली होती, जवळजवळ अकरा महिने. ती परत आल्यावर आमच्या घरात त्या महिन्यांबद्दल कुणी कधी अवाक्षर काढलं नाही. ना वडलांनी, ना आजीनं, ना आईनं. मग मीही ते कुठंतरी खोल पुरून टाकलं.

‘‘तू रोज शाळा सुटल्यावर ह्यांच्या मागं यायचीस,’’ काकू सांगू लागल्या. ‘‘सर, खंड्या घरी येतो का हो? सर, येतो का हो? शेवटच्या शनवारच्या आदल्या दिशी हे जेवले न्हाईत. म्हणले, ती पोरगी रोज इचारून राहिली, तिला न्हाई म्हणून कसं सांगू? त्याच्या आधीच्या सगळ्या वर्गांना खराच शेवट सांगायचे की.’’

‘‘मग नंतर?’’

‘‘नंतर कसा सांगतील? तुमच्या वर्गानं धाकट्या भावा-बहिणींना आधीच सांगून ठिवलं, खंड्या येतोय म्हणून. हे गुतले त्याच्यात.’’ काकू जराशा हसल्या. ‘‘पर घोर लागला ह्यांना. येतोय म्हणून सांगून बसलो अन् हिची माय आलीच न्हाई तर? रोज सांजच्या गाडीला फाट्यावर जाऊन उभे ऱ्हायचे. मला म्हणायचे, फिरून येतो. तुझी माय उतरली त्या दिशी घरी पेढे घेऊन आले. मी म्हणलं, कशाचे हो? म्हणले, खंड्या आला.’’

मी रडले. पन्नाशीच्या बाईनं रडावं तशी नव्हे, चांगली हुंदके देऊन रडले. काकूंनी रडू दिलं.

‘‘मांडवात सांगायचं होतं की त्यांनी,’’ मी म्हणाले. ‘‘मला निदान घरी बोलावून तरी.’’

‘‘मी बी तेच म्हणलं. तर म्हणले, तिला ध्यानात न्हाई ते बरं हाय. हसले लोक, हसू दे.’’

विचारू नये असं वाटत होतं, तरी मी विचारलं. ‘‘शाळेत गोष्ट सांगायचं त्यांनी माझ्यामुळं सोडलं का?’’

काकूंनी माझी समजूत काढली नाही. ‘‘हाव,’’ म्हणाल्या. ‘‘पर शनवार सुटला न्हाई. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीची कापडं घालून त्या खुर्चीत बसायचे. पुस्तक मांडीवर. मी म्हणायची, जा की शाळेत, चार पावलांवर तर हाय. जातो म्हणायचे… अन् बसून ऱ्हायचे.’’

बाहेर शनिवारची शाळा सुटल्याची घंटा झाली. गल्लीतून पोरांचा गलका आला. काकू बोलता बोलता उठल्या, खुर्चीवरचं पुस्तक उचललं, पदरानं पुसलं आणि कोनाड्यात ठेवून दिलं.

‘‘या टायमाला उठायचे ते,’’ त्या म्हणाल्या.