रंगरावांचा रुसवा

वाशिमच्या बाजारात जाऊन "अंगठीवाले रंगराव" म्हणा, दहातले आठ जण हसतील. मेडशीपासून किन्हीराजापर्यंत लग्नाच्या पंगतीत कोणी घास अडवून बसला की म्हणतात, "याचा रंगराव झाला, बाप्पा!" माणूस मरून दोन वर्षं झाली, खरं काय ते चार लोकांना कळलं, तरी हे चालूच आहे. आणि हे नाव त्याला चिकटवणारा हलकट म्हणजे मी, मेडशीचा जानराव पाटील. रंगराव माझा व्याही. आमच्याकडे इवाई म्हणतात.

आधी तो माणूस कसा होता ते ऐका. वाशिमच्या वेशीबाहेर ओढ्याकाठी त्याचा तीन एकरांचा मळा होता. वांगी, मेथी, मिरची, बांधाला पेरूची चार झाडं. उजाडायच्या आत मोट सुरू, दिवस वर आला की बाजार. अंगात कायम एकच कोपरी, तिला गिरजाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं लावलेली ठिगळं. मेथीची जुडी दिली की वर चार काड्या जास्त टाकायचा. गिरजाबाई ओरडायची, "सदावर्त घातलं का तुमी?" तो म्हणायचा, "अवं, जमीन काय आपल्याले मोजून देते?" हाताला सदा मेथीचा वास. भर दुपारी कोणी झाडाला पाणी घातलं तर मात्र त्याचा जीव तळमळायचा. तेवढाच काय तो त्याचा राग मी पुढं पाहिला.

आता माझं ऐका. सन पस्तीसला आमच्या भागात दरोड्यांचा बोभाटा झाला. मी अकोल्याला खेटे घालून परवाना काढला आणि सहा बारांचं एक पिस्तूल घेतलं. दरोडेखोर सोडा, वाड्याकडं कोल्हंसुद्धा फिरकलं नाही. पण पिस्तूल घरात पडून राहिलं तर पाटील कसला? वाशिमच्या शिंप्याकडून काळ्या बनातीचा बंद गळ्याचा कोट शिवला. आत डाव्या बाजूला जाड कापडाचा चोरखिसा. पिस्तूल घातलं की कोट डावीकडं लोंबायचा, म्हणून उजव्या खिशात अडकित्ता आणि पितळी पानडबा ठेवायचो. मांडी घालून बसलं की दस्ता बरगडीत रुतायचा. घामानं जीव जायचा. हौसाबाई, माझी बायको, म्हणायची, "आंग शिजून राह्यलं तुमचं. काढा ना थो कोट!" मी कशाला काढतो? लपवून ठेवायचं म्हणायचं, आणि ज्याला दाखवायचं त्याच्यासमोर गळ्याचं बटन सोडून वारा घ्यायचा. अशी माझी थोरवी.

सदतीस सालच्या वैशाखात माझ्या रुख्मिणीचं लग्न रंगरावाच्या जगदेवशी ठरलं. लग्नाला चार दिवस असताना माझा एक चुलतभाऊ कानाला लागला. म्हणाला, "तुमचा इवाई लय तापट हाये. भर बाजारात एका दलालाच्या मागं विळा घेऊन धावला होता. वऱ्हाडात लाठीवाले आनून राह्यला म्हनतात." खरी गोष्ट मला फार उशिरा कळली. दलालानं एका म्हातारीची टोपली लाथेनं उडवली होती. रंगरावानं तिची भाजी गोळा करून दिली आणि दलालाला दोन शब्द सुनावले. हातात विळा होता, कारण तो पेंढ्या कापत होता. पण तेव्हा विचारायचं सुचलं नाही. मी पिस्तुलात बार भरले आणि लग्नाच्या दिवशी तोच कोट चढवला. भीती थोडी होती, मिरवायची खाज जास्त होती.

सकाळी वऱ्हाड वेशीवरच्या मारुतीपाशी उतरलं. वाजंत्री घेऊन आम्ही सामोरे गेलो. आमच्याकडची व्याहीभेट तोंडदेखली नसते. दोन्ही इवायांनी हार घालायचे, बुक्का लावायचा, छातीला छाती भिडवून तीनदा भेटायचं, आणि ज्याच्या अंगात दम त्यानं दुसऱ्याला उचलायचं. मंडळी टाळ्या पिटतात, बाया गाणं म्हणतात. हे काय मला माहीत नव्हतं? चार गावच्या लग्नांत मी स्वतः उचलून घेतलं होतं. पण कोट घालताना ते डोक्यात आलंच नाही. अक्कल पेंड खायला गेली होती, दुसरं काय!

रंगराव नवी कोरी कोपरी घालून हसत पुढं आला. पहिल्याच भेटीत त्यानं मला मिठीत आवळून उचललं. मोट हाकणारे हात ते. दस्ता माझ्या बरगडीत घुसला आणि नळी त्याच्या छातीत. त्याचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यानं मला हळू खाली ठेवलं, माझ्याकडं पाहिलं, आणि माझ्या गळ्यातला हार सरकवून त्या फुगवट्यावर आणला. "हार सरकला होता, इवाई," एवढंच बोलला. उरलेल्या दोन भेटी त्यानं अंग चोरून उरकल्या. लोकांना काही कळलं नाही.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. दुपारी वऱ्हाडाची पंगत बसली. वाढून झालं, श्लोक झाला, पण रंगराव पत्रावळीला हात लावेना. नवऱ्याचा बाप जेवत नाही म्हटल्यावर अख्खं वऱ्हाड हात आवरून बसलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. पोरगी घरात हळद लावून बसलेली. वऱ्हाड उठून गेलं तर त्या पोरीला पुन्हा कोण विचारणार? मी त्याच्यापाशी जाऊन बसलो. हळूच म्हणालो, "रंगराव, घास घ्या ना. काय चुकलं आमचं?"

तो तितक्याच हळू बोलला. "पाटील, तुमी मले भेटाले आले का माराले?"

"तसं काही नाही हो..."

"माह्या छातीले लागलं थे. मी माह्या पोट्ट्याले घेऊन तुमच्या दारी आलो अन् तुमी मले चोर समजले." त्याचे डोळे भरले होते. "माहं दुसरं काई मागनं नाई. थो कोट घरात काढून ठेवा अन् नुसत्या सदऱ्यावर मले एकदा भेटा. लोकायसमोर. मंग मी जेवतो."

किती सोपं मागणं! उठायचं, कोट काढायचा, त्याच्या गळ्यात पडायचं. पण लोक विचारतील, दुसऱ्यांदा भेट काहून? सारं बाहेर येईल. जानराव पाटील व्याहीभेटीला पिस्तूल घेऊन गेला म्हणून पोट्टी दात काढतील. मी मनाला समजावलं की पोरीचं लग्न मोडेल, पोरं चिडतील, मारामारी होईल. सगळं खोटं. मला माझं नाक वाचवायचं होतं.

तेवढ्यात पंगतीतून कोणी ओरडलं, "इवाई रुसले! अंगठी पाहिजे असंल, पाटील, काढा अंगठी!" सगळे हसले. नवऱ्याचा बाप काही मागायला रुसतो, हे आमच्याकडं चालतंच. मला आयती वाट सापडली. मी बोटातली सोन्याची अंगठी काढली आणि मांडवभर ऐकू जाईल असं म्हणालो, "घ्या इवाई, हा तुमचा मान! आता तरी रुसवा सोडा!" आणि त्याचा हात धरून बोटात चढवली.

रंगरावानं अंगठीकडं पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडं पाहिलं. मग घराच्या दाराकडं, जिथं आत रुख्मिणी बसली होती. मग मान खाली घालून पहिला घास घेतला. मांडवात टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. लाज वाटायला हवी होती, तर मी टाळ्या वाजवत होतो!

लग्न पार पडलं. सूनमुख बघताना त्यानं तीच अंगठी रुख्मिणीच्या बोटात घातली, तर लोक म्हणाले, लोकलाजेपायी दिली. त्या दिवसापासून तो अंगठीवाला झाला. बाजारात गिऱ्हाईक विचारायचं, "रंगराव, यंदा काय साखळीसाठी रुसनार?" तो हसून जुडी बांधायचा. पण पुढं कुठल्याही लग्नात तो पहिल्या पंगतीला बसला नाही. शेवटच्या पंगतीत, आचाऱ्यांबरोबर, वाढलं की लगेच जेवायचा. माझ्याकडं वर्षातून दोनदा यायचा, खांद्यावर भाजीचं गाठोडं घेऊन. त्या गोष्टीचा एक शब्द त्यानं कधी काढला नाही. घरच्यांपाशीसुद्धा नाही. दर वेळी मी ठरवायचो, आज माफी मागायची. दर वेळी चहा पाजून वेशीपर्यंत पोचवायचो.

शेहेचाळीसच्या आश्विनात तापानं तो गेला. तेरवीला मी वाशिमला गेलो. मळ्यातच मांडव घातला होता. सोयरे, बाजारातले माळी, दोन-तीन गावचे पाटील. रुख्मिणी विहिरीपाशी भांडी विसळत होती. मला पाहून रडली. मग डोळे पुसत म्हणाली, "मामाजी लय मायाळू होते, बाबा. माह्या लग्नात अंगठीसाठी अडून बसले, तेवढं एक सोडलं तर."

ते ऐकून माझ्यानं राहवलं नाही. उभ्या उभ्या तिला सगळं सांगितलं. कोट, पिस्तूल, भेट, पंगत. ती हातातलं भांडं तसंच धरून ऐकत होती.

"नऊ वर्सं," ती म्हणाली. "नऊ वर्सं मी त्याहीले जेवाले वाढलं, अन् दरखेपी मनात म्हनलं, हावरट मानूस. अन् तुमी आता सांगून राह्यले?"

"चुकलं, बेटा."

"मले काय सांगता? चला. मांडवात सारे बसले हायेत. तिथं सांगा."

मी मांडवाकडं पाहिलं. ओळखीचे चेहरे, पांढरे फेटे. कोणीतरी मला हात वर करून रामराम केला. "पुढल्या खेपेले सांगतो," मी म्हणालो.

"पुढल्या खेपेले मामाजी पुन्हा मरनार हायेत का, बाबा?"

मी जोडे पायात घातले आणि बंडीकडं निघालो. बैल जुंपत होतो तेव्हा मांडवातली कुजबूज एकदम बंद पडली. मागं वळून पाहिलं, तर रुख्मिणी डोक्यावर पदर घेऊन पुरुषांच्या पुढ्यात उभी होती. जी सून सासऱ्यासमोर कधी मोठ्यानं बोलली नव्हती, तिचा आवाज पार बांधापर्यंत आला. "माह्या बापानं माह्या लग्नात एक काम केलं," ती म्हणाली, "थे तुमी सारे ऐका."

पुढचं मी ऐकलं नाही. बैल हाकलले.