लोव्रेकाकांची नासपती

लोव्रे बाकोतिच हा शब्दाला जागणारा माणूस, आणि त्यापायी सगळ्या बेटाला वैताग आणणारा. एकोणीस वर्षांपूर्वी वडिलांच्या होडीच्या वाटणीवरून धाकट्या भावाशी, फ्रानेशी, त्याचं वाजलं. चर्चच्या दारात, पाद्रीबाबांसमोर त्यानं जाहीर केलं, की अंगणात नुकतंच लावलेलं नासपतीचं रोप फळेल तेव्हाच फ्रानेशी बोलेन, पहिलं फळ त्याच्या हातात ठेवून. तोवर राग निवेल असा त्याचा अंदाज होता. बेटावर असा शब्द मोडत नाहीत. मोडणाऱ्याला पत्त्यांच्या टेबलावर जन्मभर ऐकून घ्यावं लागतं.

झाड छपराच्या वर गेलं. दर वसंतात पांढरंशुभ्र फुलायचं, पण नासपती एक नाही. नुसते वाटाण्याएवढे तपकिरी मणी, तेही खडे. त्यात फुलोऱ्याच्या दिवसांत अंगणात सडक्या मासळीचा वास सुटे, आणि भिंतीपलीकडे फ्राने मुद्दाम मासळी साफ करतो म्हणून लोव्रे गावभर बोंबलत फिरे. फ्रानेनं समुद्र कधीच सोडला होता. तो बिचारा कोबी लावत असे.

गेल्या सप्टेंबरात लोव्रेच्या घरी वरच्या खोलीत सुट्टीसाठी दारिंका नावाच्या स्लोव्हेनियन बाई उतरल्या. उभं आयुष्य रोपवाटिकेत गेलेलं. पहिल्याच सकाळी त्यांनी झाडाचं नाव विचारलं. लोव्रेनं सांगितलं, नासपती, पण नाठाळ. बाईंना ते पटेना, आणि खोडूनही काढवेना. पोहायचा पोशाख पिशवीतच राहिला. तीन दिवस त्या झाडाखाली खुर्ची टाकून पानं निरखत, साल खरवडत, जुन्या सहकाऱ्यांना फोन करत बसल्या. चौथ्या दिवशी त्यांनी सुरीनं एक मणी मधोमध कापला आणि भिंगासकट लोव्रेसमोर धरला. आत नासपतीचाच गाभा होता, बिया तेवढ्या तिळाएवढ्या.

"काका, ही चीनकडची शोभेची नासपती. हिची फळं एवढीच असतात. तो वासही हिच्याच फुलांचा बरं का."

"फळं कधीपासून येतात?"

"तीन-चार वर्षांची झाली की."

लोव्रेनं बोटांवर हिशेब केला. म्हणजे गेली पंधरा वर्षं तो शब्द पाळत नव्हता, मोडत होता. मधे फ्रानेची बायको गेली, तेव्हाही तो दफनभूमीच्या फाटकाबाहेर टोपी हातात धरून उभा राहिला होता. त्या आठवणीची त्याला एवढी शरम वाटली, की कान तापले.

बाई सांगतच होत्या, की कडाक्याची थंडी पडली की हे मणी मऊ होतात, त्याआधी तोंडात धरवत नाहीत. बेटावर तशी थंडी पडलेली लोव्रेला आठवत नव्हती, आणि वय एक्क्याऐंशी झालं होतं. त्यानं मूठभर मणी तोडले आणि जाऊन फ्रानेचं दार ठोठावलं.

फ्रानेनं आधी मण्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"हे काय?"

"नासपती."

"पिकलीय का?"

लोव्रेनं एक मणी तोंडात टाकून चावला. तुरटपणानं जीभ टाळूला चिकटली, डोळ्यांत पाणी आलं.

"पिकलीय," तो म्हणाला.

फ्रानेनंही एक उचलला आणि सावकाश चावला. त्याचं तोंड पार वेडंवाकडं झालं.

"गोड आहे," तो म्हणाला, आणि आत यायला वाट देत दारातून बाजूला झाला.