पडद्यावरचं कुलूप

आमचे साडूभाऊ कुलूपवाले. कान लावायचे, तार घालायचे, आणि कुलूप असं उघडायचे की त्याचं त्यालाही कळू नये! एकदा एका बड्या साहेबाची तिजोरी उघडली, तर आत निघाली जुनी कवळी. आम्ही आठवडाभर हसत होतो.

गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, हात राहिला. मुलगा म्हणाला, दुकान बंद करू. हे म्हणाले, "घरातल्या कपाटाचं कुलूप या हातानं किल्लीशिवाय उघडतो, मग बोल." रविवारी संध्याकाळी मुलगा ते बघायला येणार होता.

त्या दुपारी मी गेलो, तर मेहुणीनं पडदे ओढून टीव्हीवर जुना भुताचा सिनेमा लावलेला. काळा-पांढरा. दगडी किल्ला, मेणबत्त्या, रक्त पिणारा जहागीरदार आणि बुरुजात कोंडलेली पोरगी. मेहुणी उशी कवटाळून बसलेली. मी एकच डोळा उघडा ठेवलेला.

साडूभाऊंना भुताचं काहीच नाही. "अगं ए बाई, रडतेस काय! अंबाड्यातली पिन काढ! दोन खटक्यांचं तर कुलूप!"

"अहो, तिला ऐकू जातंय का?"

"मला दिसतंय ना!"

आणि उठलेच. मेहुणीच्या केसातली पिन ओढून कपाटापुढे स्टुलावर बसले. पिन भोकात शिरेना. डाव्या हातानं उजवं मनगट आवळलं, तरी टोक भोकाभोवती थरथरत फिरत राहिलं.

"मी धरू?"

"धरा. हलकेच वर... खटका लागला बोटाला?"

मला काय लागणार! जन्मभर कुदळ धरलेली बोटं. "लागला वाटतं," मी थाप मारली.

"नाही लागला. लागला की माणूस बोलत नाही."

पाठीमागे टीव्हीत दार करकरलं. पोरगी किंचाळली. साडूभाऊ वळून बघत राहिले. तिच्यापर्यंत कुणीच पोचलं नाही.

सिनेमा संपतो तोच खाली मुलाची स्कूटर वाजली. मेहुणीनं पदराची किल्ली माझ्या हातात कोंबली. "भाऊजी, उघडून ठेवा पटकन. यांनीच उघडलं म्हणू."

मी वाकलो. साडूभाऊंनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. "राहू द्या."

मुलगा आत आला. बंद कपाटाकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं. आम्हा तिघांपैकी कुणाला काही बोलवेना.