डोंगर आधी, नाव शेवटी

शिवणाच्या डब्यात बटणं कधी जमतात ते कळत नाही, पण जमतात. अरोहाच्या नाटकाचे किस्से माझ्याकडे तसेच जमलेत. अरोहा आमच्या लंडनजवळच्या पिनरमधली माओरी नर्स. तिने आपल्या लोकांवर एक म्युझिकल बसवलं. त्यात माझ्या सोळा वर्षांच्या रेवाला घेतलं आणि मला शिलाई मशीनसकट.

*

पहिल्या तालमीला मी झालर टाचायला टेबलावर बसले. अरोहा धावत आली. "टेबलावर नाही हं बसायचं. तिथे अन्न ठेवतात."

वाईहून आलेल्या माझ्या सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "वीस वर्षं मी हेच सांगतेय. न्यूझीलंडहून माणूस यावा लागला."

*

माओरी लोकांत कुणी बोललं की त्याच्या माणसांनी उभं राहून गायचं, नाहीतर ते बोलणं अपुरं. आणि वक्ता फारच लांबला, तर बायका गाणं आधीच सुरू करतात.

हॉल कमिटीचे चेअरमन शुभेच्छा द्यायला आले आणि पार्किंगच्या तक्रारींवर घसरले. अरोहाची मावशी शांतपणे उठली, सूर लावला. चेअरमन बसले. वर टाळ्याही वाजवल्या.

ही पद्धत मी आमच्या मंडळात शेजारणीच्या कानात सांगितली. तिने उसासा टाकला. अध्यक्षांचं भाषण चालू होतं.

*

नाटकात प्रत्येकाने ओळख करून द्यायची: आधी आपला डोंगर, मग नदी, मग वडीलधारे, नाव शेवटी. रेवाने इथलेच निवडले आणि घरी म्हणून दाखवलं, "डोंगर हॅरो. नदी पिन."

सासूबाई, म्हणजे आमच्या आई, भडकल्या. "कृष्णाकाठची पोर तू. आणि पिन ही नदी? ओढा आहे तो."

"पण आजी, मी त्यात पडलेली आहे. माझा शू अजून तिथेच आहे."

"मग मी नाटकाला येत नाही," म्हणून आईंनी दोन दिवस अबोला धरला. रेवा रडली, पण डोंगर बदलला नाही.

*

प्रयोगाला आई आल्या. पहिल्या रांगेत, पर्स मांडीवर घट्ट धरून.

रेवाची पाळी आली. "माझा डोंगर हॅरो. माझी नदी पिन. माझी आजी सुशीला, कृष्णाकाठची. मी रेवा."

आता तिच्या माणसांनी गायचं. गाणार होता माझा नवरा, आणि तो बेसिंगस्टोकहून येताना ट्रेनमध्ये अडकलेला. मी विंगेत, तोंडात टाचण्या. रेवा एकटी उभी. 

आई उठल्या. आई म्हणजे गणिताच्या रिटायर्ड बाई. आरतीलासुद्धा नुसत्या टाळ्या वाजवतात. त्यांनी घसा खाकरला आणि वर्गात घेत तशा चालीवर सुरू केलं, "बे एके बे, बे दुणे चार..."

रेवाने पुढचं उचललं. बे पंचेपर्यंत अरोहाची मावशी उभी राहून ठेका धरत होती. बे दाहे वीसला अख्खा हॉल उभा होता.

नंतर अरोहा डोळे पुसत आईंकडे आली. "फार जुनं आहे का हे?"

"खूप," आई म्हणाल्या. "आमच्याकडे लहानपणीच पाठ करून घेतात."