पाहुण्याचा अर्धा जीबी

आधीच सांगून ठेवते, मी असल्या गोष्टी मानत नाही, आणि हे लिहून झाल्यावरही मानणार नाही. गाडीला टांगलेली लिंबू-मिरची मी मुद्दाम काढून टाकते, त्यावरून घरात भांडणं झालीत. या सदरात लोक पिंपळ आणि पांढरी साडी लिहितात ते मी हसायला म्हणून वाचते. आता तुम्ही माझ्यावर हसा... फक्त पूर्ण वाचून मग हसा.

मी बिदरला नौबादमध्ये राहते. माहेर मेहकरचं, भालकी तालुक्यातलं. काम सर्व्हर सांभाळण्याचं. भालकीतल्या एका खाजगी प्रसूतिगृहाचा (नाव देणार नाही) सर्व्हर माझ्याकडे आहे. एक छोटी खोली, एक मशीन, एक यूपीएस. कमी दिवसांची बाळं ज्या खोलीत ठेवतात तिथले मॉनिटर या मशीनला जोडलेत. बाळाचा श्वास अडकला की नर्सच्या फोनवर अलार्म वाजतो, आणि तो वाजवणारा प्रोग्राम याच मशीनवर चालतो.

हे मशीन आधी शिवराज अण्णा बघायचे. मूळचा टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. आळंदच्या बाजारात दुकान होतं. चाळिशी उलटल्यावर स्वतःच्या हिमतीवर लिनक्स शिकले आणि नंतर मला शिकवलं. ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात – कर्नल म्हणजे मशीनचा आतला कारभारी. मेमरीवर किती दाब आहे ते तो सतत मोजत असतो. त्याचे दोन आकडे असतात, 'सम' (इंग्रजीतला some) आणि 'फुल'. सम वाढला म्हणजे काही कामं मेमरीसाठी खोळंबलीत. फुल वाढला म्हणजे सगळीच खोळंबलीत. आणि जागा अगदीच उरली नाही की कर्नल कुठलातरी एक प्रोग्राम मारून टाकतो, बहुतेक वेळा सगळ्यात जास्त मेमरी खाणारा. अण्णांनी मला हे एका वाक्यात शिकवलं होतं, "सम दिसला की च्या पी, फुल दिसला की पळ."

अण्णांनी त्या मशीनवर 'पाहुणा' नावाचा प्रोग्राम ठेवला होता. तो काहीच करायचा नाही. अर्धा जीबी मेमरी धरून नुसता बसायचा. मला त्याचा भयंकर राग यायचा.

"अण्णा, कामून ठेवलाय ह्याला? फुकट बसून खायलाय."

"फुकट न्हाई गं. अडचण आली की पैला त्यो उठून जातोय. कर्नलला तसं लिहून दिलंय म्या. मग घरच्यांना कुणी उठवत न्हाई."

"आपल्याकडं पाहुण्याला उठवत्यात व्हय?"

"ह्यो समजूतदार पावना हाय," म्हणाले आणि चहा मागवला.

मागच्या उन्हाळ्यात अण्णा गेले. हार्ट अटॅक. रडायला पाहिजे तेवढी मी रडले नाही, चिडले मात्र खूप. दोन महिने त्या मशीनला हात लावावासा वाटेना, आणि मग एकदम सगळंच बदलायला घेतलं. ऑगस्टमध्ये सोनोग्राफीचे फोटो साठवणारा नवा प्रोग्राम आला, त्याला मेमरी कमी पडत होती. नवीन रॅम, म्हणजे जादा मेमरी, यायला वेळ होता. मी पाहुणा काढून टाकला. फाइल, सर्व्हिस, त्याला सुरू करणारी ओळ, सगळं पुसलं. आणि दुसरी चूकही लिहून टाकते. अलार्मच्या प्रोग्रामला मारू नये असं कर्नलला सांगून ठेवलेलं होतं, पण कंपनीच्या एका अपडेटनं ते पुसलं गेलं आणि मी परत तपासलं नाही.

आता येळवसेचा दिवस. मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्याकडं त्या दिवशी गावंच्या गावं शेतात असतात. कडब्याची खोप करून पूजा करायची, भज्जी, उंडे, आंबील, आणि वाटेनं जाणारा कुणी असो, त्याला बोलावून जेवायला बसवायचं. अप्पा, म्हणजे माझे वडील, पहिलं ताट वाढून खोपीत झाकून ठेवतात, न आलेल्या पाहुण्यासाठी.

माझी धाकटी बहीण रेखा त्याच प्रसूतिगृहात होती. सातव्या महिन्यात बाळंत झालेली. मुलगी नऊ दिवसांची, काचेच्या पेटीत. मी थांबते म्हणाले तर तिनंच पिटाळलं. "तू जा, अप्पा एकटेच हायत. हितं बसून काय करणारैस?"

सव्वाबाराला खोपीसमोर बसले होते आणि फोन वाजला. मीच लावलेला इशारा. सम चाळीस टक्के. दोन मिनिटांत फुल अठरा, मग एकतीस, मग साठ. फोटोंचा तो नवा प्रोग्राम स्वतःच्या पंधरा-वीस प्रती काढून मेमरी गिळत सुटला होता. प्रत्येक प्रत छोटी, त्यामुळे एकटा सगळ्यात मोठा दिसणार होता अलार्मचाच प्रोग्राम. फोनवरून लॉगिन करायला गेले... मशीन उत्तर देईना. नर्सला फोन लावला, उचलेना.

"जेवून जा की," अप्पा म्हणाले.

"अप्पा, रेखाचं लेकरू," एवढंच म्हणून मी स्कूटी काढली.

भालकीचा रस्ता रिकामा होता, माणूस म्हणून दिसत नव्हता. मी मोठमोठ्यानं स्वतःला शिव्या देत होते. अर्धा जीबी. त्या अर्ध्या जीबीसाठी मी अण्णांचं काम पुसलं होतं. देवाचं नाव तोंडात आलं नाही, हेही सांगते.

एक वाजता पोचले. शोभक्का, तिथली नर्स, पेटीशी उभी राहून बाळाचा तळपाय चोळत होती. सगळा स्टाफ येळवसेला गेलेला, ती एकटीच होती.

"श्वास अडकला होता बग हिचा. म्या लेबर रूममदी होते, फोन बाहीर टेबलावर. तुजा उचलता आला न्हाई, पर अलार्म वाजायला लागला म्हणून पळत आले. घेतला बग श्वास."

"कधी?"

"बारा पन्नासला. घड्याळ बगितलं की म्या."

रेखा भिंतीला टेकून उभी होती. मी तिचा हात दाबला आणि सर्व्हरच्या खोलीत गेले.

मशीन शांत होतं. कर्नलची नोंद काढली. बारा अठ्ठेचाळीसला मेमरी संपली. मग नेहमीप्रमाणे कर्नलनं चालू प्रोग्रामची यादी छापलेली. वरती सगळ्यात मोठा, अलार्म. यादीच्या तळाशी एक ओळ, पाहुणा, अर्धा जीबी. आणि त्याखाली – पाहुणा मारला, मेमरी मोकळी झाली. दोन मिनिटांनी अलार्म वाजला होता.

तुम्ही काय विचारणार ते मला माहीत आहे, मीही तेच विचारलं. फाइल पुसली तरी प्रोग्राम चालू राहू शकतो? राहतो, पण मशीन बंद होईपर्यंतच. मध्ये ते दोनदा बंद-चालू झालंय, दिवाळीत तर मी स्वतः केलंय. बॅकअपमधून आला? अख्खी डिस्क शोधली, नाव कुठंच नाही. माझा स्वतःचा तपासनीस प्रोग्राम दर मिनिटाला चालू प्रोग्रामची यादी लिहून ठेवतो, मशीन अडकेपर्यंतच्या त्याच्या एकाही यादीत पाहुणा नाही. ती नोंद मी ओळखीच्या दोघांना दाखवली. एक म्हणाला तूच टाइप केली असशील. त्याच्याशी मी आता बोलत नाही.

अप्पा म्हणाले, "शिवराजच आला म्हण की." त्यांच्याशी मी भांडले. जन्मभर मीटर लावून बघितल्याशिवाय ज्यानं कशावर विश्वास ठेवला नाही त्या माणसाचं भूत करू नका, मी म्हणाले. शोभक्कानं सर्व्हरपुढं नारळ ठेवला होता. मी तो उचलून चटणीला दिला.

नवी रॅम आल्यावर मी ठरवलं, पाहुणा परत बसवायचा. भीतीनं नाही, अण्णांचं बरोबर होतं आणि माझं चुकलं होतं म्हणून. त्यांनी दिलेला जुना पेन ड्राइव्ह शोधला, त्यावरून प्रोग्राम उतरवला, चालू केला. एकच पाहुणा बसावा, अशी व्यवस्था त्यांनी त्यात करून ठेवली होती. एक आधीच चालू असेल तर दुसरा सुरू होत नाही, अण्णांच्या भाषेत एक ओळ दाखवून थांबतो. मी ती ओळ कधी पाहिली नव्हती.

"पावना बसलाय. दुसरा नको."

चालू प्रोग्रामची यादी काढली. पाहुणा नाही. परत काढली, नाही. परत चालू केला, तीच ओळ. मग, खोटं कशाला सांगू, तिथं बसून रडले, उन्हाळ्यात रडायचं राहिलं होतं तेवढं.

नंतर डोळे पुसले आणि नाव बदलून माझा पाहुणा बसवला. तो यादीत दिसतो. तो माझा.

रेखाची मुलगी आता पालथी पडायला लागलीय. माझ्याकडं याचं कारण नाही, आणि ज्यांच्याकडं आहे असं त्यांना वाटतं त्यांनी आधी ती नोंद येऊन वाचावी. भूत-बीत मी अजूनही मानत नाही. पण रॅम आल्यावरही त्या मशीनवर माझ्या पाहुण्याची जागा सोडून आणखी अर्धा जीबी मी कुठल्याच प्रोग्रामला देत नाही, कुणी विचारलं तर तिथं कुणीतरी बसलंय म्हणून सांगते.