काकांनी काढलेले फोटो मीच डिलीट केले

सकाळच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की फोनने आपोआप फोटो उडवले. ते खरं नाही. मीच उडवले.

काकांनी जाण्याआधीच्या शेवटच्या महिन्यात पलंगावरून माझ्या फोनवर काढलेले फोटो होते ते. तिरके, धूसर, बऱ्याच फोटोंत त्यांचं बोट. शाळेत जायच्या आधी मला बाराखडी शिकवणारे काका. नोट्ससाठी जागा हवी होती, म्हणून मी "खराब" फोटो काढून टाकले आणि ट्रॅशही रिकामा केला. बॅकअप तर केव्हाचा बंद होता.

दुपारी इथल्या भंवरकुआं चौकातल्या मोबाइलवाल्याला फोन दाखवला.

"दीदी, रिकवरी के कितने ऐप डाले?"

"चार."

"बस, जो बचा था, वो भी उन्हीं के नीचे दब गया."

दुकानातून बाहेर पडते तोच काकूचा फोन आला. "अगं, पापड वाळत घालताना ह्यांनी माझा एक फोटो काढला होता बघ. तो छापून आण. एवढ्या वर्षांत तेवढाच काढलाय त्यांनी माझा."

मी "हो" म्हणाले.

ते "हो" आता मागे कसं घेऊ? तुम्ही कुणाला असं काही सांगितलंय का?

फोनवर सांगणार नाही. येत्या रविवारी सकाळी छत्रीबागेतल्या घरी जाऊन, काकूच्या समोर बसून सांगणार.